जीर्णोद्धार : चुन्याच्या घाणीपासून काँक्रीटच्या डागडुजीपर्यंत

॥ श्री ॥

मनुष्याने उभारलेली कोणतीही वास्तू, मग ती राजवाडा असो, देवालय असो वा शेतकऱ्याचे साधे घर असो, काळाच्या ओघात जीर्ण होतेच. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी नवे मंदिर बांधण्याइतकेच जुन्याच्या जीर्णोद्धारालाही पुण्यकर्म मानले. परंतु जीर्णोद्धार म्हणजे जुन्यावर रंगरंगोटी करणे नव्हे. जे जीर्ण झाले ते का जीर्ण झाले, हे ओळखून त्यावर इलाज करणे म्हणजे जीर्णोद्धार होय. गावोगावच्या मंदिरांचे सभामंडप, तसेच घराघरांतील ओटे, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या व स्लॅब आज काँक्रीटचे आहेत. तेव्हा या काँक्रीटचा व त्याच्या दुरुस्तीचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरे हेमाडपंती या नावाने ओळखली जातात. त्यांत घडीव दगड एकमेकांत अशा कौशल्याने बसविले आहेत की चुन्याचीही गरज भासली नाही. पुढील काळात वाडे, घाट, बारवा व देवळांच्या शिखरांसाठी चुन्याचा सर्रास उपयोग झाला. चुनखडी भट्टीत भाजावी, पाण्यात विरवावी आणि मग वाळूसह बैलाच्या घाणीत मळावी, अशी ती रीत होती. ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, ताग इत्यादी जिन्नस मिसळीत. अशा घाणीचे दगडी चाक व गोल चर आजही कित्येक जुन्या किल्ल्यांत पाहावयास मिळतात. चुना सावकाश सुकतो. हवेतील कार्बन वायू शोषून घेऊन तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो.

चुन्याकडून सिमेंटकडे जाण्याचा मार्ग परदेशात आखला गेला. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील एडिस्टोनचे दीपगृह बांधताना जॉन स्मीटन या अभियंत्याच्या ध्यानात आले की, ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. हे दीपगृह १७५९ साली पूर्ण झाले. पुढे १८२४ मध्ये लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने चुनखडी व माती एकत्र भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले आणि पोर्टलंड येथील नामांकित दगडावरून तिला पोर्टलंड सिमेंट असे नाव दिले. फ्रान्समधील जोसेफ मोनिए या माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट मिळविले. गवंडी आणि माळी यांच्या या कामांतून आजच्या सळईच्या स्लॅबची वाट खुली झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. ही कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण आले व मधला थोडा काळ वगळता ते दीर्घकाळ चालले. फेब्रुवारी १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः व मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. परमिटच्या त्या काळात घराच्या किंवा देवळाच्या कामासाठी अर्ज करावा, मंजुरीची वाट पाहावी आणि मिळतील तेवढ्या पोत्यांत काम भागवावे, असा प्रकार होता. पोती अपुरी पडली की मिश्रणात वाळू वाढे. मिश्रण थापायला सोपे जावे म्हणून पाणीही वाढे. ही वाढीव वाळू व वाढीव पाणी त्या वेळी कोणाच्या डोळ्यांवर आले नाही, परंतु पुढे स्लॅबला ते भोवले.

काँक्रीट खराब होण्याचे कारण बहुधा वरून दिसत नाही. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा क्षार भरपूर असतो व त्याच्या आवरणात लोखंडी सळई सुरक्षित राहते. मात्र पाणी जास्त झालेल्या काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे राहतात आणि त्या वाटेने हवेतील कार्बन वायू आत शिरतो. ज्या वायूने चुन्याचा दगड होतो, तोच वायू काँक्रीटमधील क्षार मारून सळईचे संरक्षण काढून घेतो. मग ओल लागताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून कित्येक पटींपर्यंत वाढते व त्याच्या दाबाने काँक्रीट फुटून पोपडे पडतात. समुद्राची खारी वाळू वापरली असल्यास हे संकट लवकर ओढवते. म्हणूनच भारतीय मानक ४५६ मध्ये सळईवर किती काँक्रीट असावे हे ठरवून दिलेले आहे. १९५३ साली प्रथम निघालेल्या या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे साध्या परिस्थितीत सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीट असावयास पाहिजे.

आता दुरुस्तीच्या इतिहासाकडे वळू. अमेरिकेतील शिकागो येथे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या एका भव्य इमारतीत फील्ड म्युझियम हे संग्रहालय होते. तिच्या बाहेरील भिंतींचा गिलावा झडू लागला. त्याच संग्रहालयात मृत प्राण्यांच्या कातड्यांपासून त्यांचे हुबेहूब पुतळे करणारे कार्ल एकली नावाचे कारागीर होते. त्यांनी १९०७ च्या सुमारास एक यंत्र तयार केले. कोरडे सिमेंट व वाळू हवेच्या जोराने नळीतून यावे, नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळावे आणि ते मिश्रण भिंतीवर आपटून घट्ट बसावे, अशी त्याची रचना होती. १९११ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ज्या कामाला गनाइटिंग म्हणतात, त्याचा उगम हाच होय.

महाराष्ट्रातील उदाहरण कोयनेचे आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात प्रचंड भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली व हजारो कुटुंबे उघड्यावर आली. सुमारे १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागात, जेथे भिंतीचा उतार बदलतो तेथे, तडे गेले. खालच्या खोऱ्यातील गावांच्या जिवाचा प्रश्न होता. अभियंत्यांनी तडे वरून लिंपले नाहीत. त्या तड्यांत दाबाने इपॉक्सी नावाचा चिकट द्रव भरला, उंच भाग ताणलेल्या पोलादी तारांनी आवळून घेतला आणि त्यानंतर पाठीमागून नव्या काँक्रीटचा आधार दिला. सांडव्याबाहेरील भागाचे हे बळकटीकरण १९७३ पर्यंत झाले व सांडव्याचे २००६ साली झाले. आजही ते धरण पाणी अडवून उभे आहे.

धरणाला जो नियम लागू, तोच घराच्या ओट्यालाही लागू आहे. प्रथम ओल कोठून येते ते शोधून ती बंद करावी. छताचा पोपडा असल्यास खाली टेकू द्यावेत व मगच हात लावावा. हातोडीने ठोकून पाहावे. बद्द आवाज येईल तेवढा सर्व भाग, पक्के काँक्रीट लागेपर्यंत, छन्नीने काढावा. गंजलेली सळई सर्व बाजूंनी मोकळी करून तारेच्या ब्रशाने लख्ख घासावी. सळई फार झिजली असल्यास जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने नवी सळई जोडावी. जागा धुऊन ओलसर ठेवावी, मात्र तेथे पाणी साचू देऊ नये. मग सिमेंटचा घट्ट घोळ लावून तो ओला असतानाच एक भाग सिमेंट व तीन भाग स्वच्छ वाळू यांचा माल थराथराने दाबून भरावा. अंगणातील कोब्याची भेग असल्यास ती आधी रुंद व खोल करून घ्यावी. केसासारख्या भेगेत माल शिरत नाही. शेवटी गोणपाट टाकून किमान ७ ते १० दिवस पाणी मारावे. घाईमुळे हे शेवटचे काम राहून जाते आणि केलेली डागडुजी वर्षभरात सुटते.

आणखी एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. काँक्रीटला सिमेंट चालते म्हणून ते जुन्या दगडी देवळालाही चालेल असे नाही. सिमेंटचा कडक गिलावा आतील ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल व त्यातील क्षार दगडात साठून नक्षी झडू लागते. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली जुन्या वास्तूंच्या जतनासंबंधी एक नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. जुने असेल ते शक्य तितके तसेच राखावे, हे तिचे सूत्र होते. म्हणून गाभाऱ्याच्या दगडी भिंतींना चुना आणि सभामंडपाच्या स्लॅबला सिमेंट, असा विवेक प्रत्येक जीर्णोद्धारात राखावयास हवा.

सभामंडपाच्या छतावरील पोपडा वरवर लिंपून रंग दिला, तर उत्सवापुरता मंडप नवा दिसेल. वर्गणीही थोडी वाचेल. परंतु आत सळई गंजत राहील, आणि पुढे एखाद्या एकादशीस भजनाला बसलेल्या आयाबायांच्या व लेकरांच्या अंगावर तेच छत कोसळण्याची भीती राहील. सडलेले काढून टाकण्यास खर्च येतो, धूळ उडते, काही दिवस मंदिर उघडेबोडके दिसते. तरीही खरा जीर्णोद्धार तेथूनच सुरू होतो. मंदिराच्या कामी घेतलेली ही काळजी प्रत्येक भाविकाने आपल्या घराच्या ओट्या-पायऱ्यांपर्यंत न्यावी, आणि देवाच्या छायेत बसणारे व घराच्या छपराखाली निजणारे सर्वजण निर्धास्त असावेत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥