सकाळी ११ वाजून ४० मिनिटं: राष्ट्रीय शेअर बाजार थांबला तो दिवस

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. त्या दिवशी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराची म्हणजे एनएसईची सौदे घेणारी यंत्रणा बिघडली नव्हती. वीज गेली नव्हती, कुणी हॅकर आत शिरला नव्हता. दोन संगणक केंद्रांना जोडणाऱ्या तारा डळमळल्या आणि देशातला सर्वात मोठा बाजार सुमारे चार तास बंद राहिला. त्याची झळ जळगाव-धुळ्यातल्या सब-ब्रोकरच्या ऑफिसांपर्यंत पोचली. हा घटनाक्रम समजून घ्यायला हवा, कारण आपल्या पतपेढ्या, बँका आणि दवाखानेही आता अशाच तारांवर उभे आहेत.

सकाळी ९:१५ (बाजार थांबायला २ तास २५ मिनिटं)

नेहमीसारखा बाजार उघडला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, फेब्रुवारीच्या वायदे व्यवहारांची मुदत संपणार होती. मुदतीच्या आदल्या दिवशी उलाढाल वाढते, कारण कुणी सौदा पुढच्या महिन्यात नेतो, तर कुणी मोकळा होतो. दाणा बाजार आणि सराफ बाजार सांभाळून शेअर करणारे खानदेशातले व्यापारीही अशा दिवशी टर्मिनलवर जास्त नजर ठेवतात.

एनएसईची मांडणी अशी होती: मुख्य संगणक केंद्र मुंबईत, त्याच्या जवळच दुसरं केंद्र, आणि आपत्तीत वापरायचं तिसरं केंद्र चेन्नईत. मुख्य आणि जवळच्या केंद्रांमध्ये दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लाइन्स होत्या. एक कंपनी कोलमडली तर दुसरी आहे, असा त्यामागचा हिशोब.

जवळचं केंद्र कशासाठी? मुख्य केंद्रातल्या साठवण यंत्रणेत लिहिलेली नोंद त्याच क्षणी तिथेही लिहिली जाते. दोन्हीकडे लिहिलं गेल्याची पोच आली की मगच ती पक्की धरतात. त्यामुळे एक केंद्र जळून गेलं तरी एकही सौदा हरवत नाही. मात्र याची एक किंमत असते: साठवणीचं कामकाज त्या दोन केंद्रांमधल्या तारेला बांधलं जातं.

सकाळी १० वाजून काही मिनिटं (उरला सुमारे दीड तास)

निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे पडद्यावर गोठले. शेअरचे सौदे होत होते, पण निर्देशांक हलत नव्हता. टर्मिनलसमोर बसलेल्याला पहिली शंका आपल्याच इंटरनेटची येते. तो राउटर बंद-चालू करतो, शेजारच्या ऑफिसात फोन करतो. बिघाड शेकडो किलोमीटर दूर असेल, असं त्याच्या मनातही येत नाही.

दोन्ही टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन्स अस्थिर झाल्या होत्या. पुढे एनएसईने जे सांगितलं त्यानुसार कारण होतं दोन केंद्रांमधल्या मार्गावरचं खोदकाम आणि बांधकाम. जळगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमृत योजनेच्या पाइपलाइनसाठी गल्लोगल्ली चर खणले गेले, तसं तरसोद-फागणे महामार्गाच्या चौपदरीकरणासाठीही खोदकाम झालं. जेसीबीच्या दातांना पाण्याचा पाइप आणि फायबरची केबल यांतला फरक कळत नाही.

सकाळी १०:३० ते ११:३०

या तासात जे घडलं तो या प्रकरणाचा गाभा आहे. तार पूर्ण तुटली असती तर निर्णय सोपा असता, कारण पलीकडून उत्तरच येत नाही म्हटल्यावर यंत्रणा एकट्याने काम सुरू ठेवते. अस्थिर तार मात्र क्षणभर जिवंत असते आणि क्षणभर मेलेली. यंत्रणेला ठरवता येत नाही की पलीकडचा जोडीदार गेला की फक्त उशिरा उत्तर देतोय. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ‘खरी प्रत माझी’ असं धरलं तर नोंदींचा गोंधळ होईल, म्हणून ती हात आखडता घेते.

एनएसईत तारा डळमळल्यावर साठवण यंत्रणा अपेक्षेविरुद्ध वागली. अडचणीत जबाबदारी आपोआप दुसऱ्या बाजूकडे जायला हवी होती, पण ते ठरल्याप्रमाणे घडलं नाही. मुख्य केंद्रातलीच साठवण तिथल्या सर्व्हरना दिसेनाशी झाली. त्यासोबत क्लिअरिंगची जोखीम तपासणारी प्रणाली, सौद्यांची पूर्तता, निर्देशांक आणि देखरेख या यंत्रणा बसल्या.

असा बिघाड शोधणं अवघड का, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. मोठ्या यंत्रावर, मग तो मेनफ्रेम असो की सर्व्हर, आज अनेक आभासी संगणक एकत्र नांदतात. प्रत्येकाचं नेटवर्क कार्ड खरं नसतं, सॉफ्टवेअरने मांडलेलं असतं. त्या कार्डाला आभासी स्विच ‘जोडणी चालू’ असंच सांगतो, कारण त्या दोघांमधलं नातं खरोखर शाबूत असतं. तुटलेलं असतं त्यापुढचं. म्हणून जाणकार तंत्रज्ञ एकेक पायरी चढत जातो: आधी आभासी संगणकाचा स्वतःचा पत्ता, मग आभासी स्विच, मग खरं कार्ड, मग बाहेरचा स्विच, मग पलीकडचं टोक. आयबीएमच्या मेनफ्रेमवर झेड-व्हीएम ही प्रणाली एका आभासी स्विचला एकाहून अधिक खरी कार्डं देऊ देते. पण ती कार्डं एकाच बाहेरच्या स्विचमध्ये खोचली असतील तर तो एक स्विच पडताच सगळे आभासी संगणक एकदम मुके होतात.

सकाळी ११:४०

एनएसईने सगळे विभाग बंद केले. सौदे घेणारी यंत्रणा धडधाकट असताना बाजार थांबवावा लागला, कारण जोखीम तपासणाराच जागेवर नव्हता. घेणाऱ्या-विकणाऱ्याकडे पुरेसं मार्जिन आहे का, हे पाहणारं कुणी नसताना सौदे चालू ठेवणं म्हणजे देशाच्या पैशाशी खेळणं. तो निर्णय योग्यच होता.

दुपारी १२ ते ३

ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना मुंबई शेअर बाजाराचा म्हणजे बीएसईचा रस्ता उघडा होता. वायदे आणि ऑप्शनवाल्यांची मात्र कोंडी झाली, कारण तो जवळजवळ सगळा धंदा तेव्हा एनएसईवरच चालायचा. ‘भाऊ, माझं तेवढं काढून द्या,’ असं म्हणणाऱ्या ग्राहकाला सब-ब्रोकर काय सांगणार? बाजार कधी उघडेल याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

चेन्नईचं केंद्र तयार होतं, तरी तिकडे कामकाज हलवलं गेलं नाही. दुरुस्ती आता होईल, मग होईल, या आशेत तास जातात आणि पर्यायी रस्ता असूनही माणसं बंद रस्त्यावरच उभी राहतात.

याच्याशी मिळत्याजुळत्या सापळ्यात २०१० साली सिंगापूरची डीबीएस बँक अडकली होती. तिथे मेनफ्रेमला जोडलेल्या साठवण यंत्रणेच्या एका केबलबद्दल ३ जुलैला सकाळी ११:०६ वाजता इशारा आला. यंत्रणा चालू होती. तंत्रज्ञाने दूरच्या मदत केंद्राच्या सूचनेनुसार चुकीच्या पद्धतीने केबल बदलली आणि इशारा थांबला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा केबल काढली आणि लावली. ५ जुलैला पहाटे २:५८ वाजता तीच कृती परत झाली तेव्हा नोंदी बिघडण्याचा धोका ओळखून साठवण यंत्रणेने मेनफ्रेमशी बोलणंच थांबवलं. बँकेचे व्यवहार आणि एटीएम ठप्प झाले. इशारा विझला म्हणजे दुखणं बरं झालं, हा समज तिथे महागात पडला.

दुपारी ३:१५ च्या सुमारास

रोजच्या रोज मिटवायचे सौदे ब्रोकर बाजाराच्या नेहमीच्या साडेतीनच्या बंद वेळेआधी मिटवतात. एनएसई उघडेल की नाही हे माहीत नसल्याने अनेक ब्रोकरांनी ते बीएसईवर मिळेल त्या भावाने मिटवले. त्यानंतर घोषणा आली की बाजार ३:४५ ला उघडणार आणि ५ पर्यंत चालणार. ज्यांचे सौदे नुकतेच जबरदस्तीने मिटले होते, त्यांच्यासाठी ही घोषणा काही मिनिटं उशिरा आली.

दुपारी ३:४५ ते ५

सरकारी कामकाज खासगी बँकांना खुलं करण्याची घोषणा त्याच दुपारी झाली होती. बँकांचे शेअर उसळले. सेन्सेक्स १,०३० अंकांनी वाढून ५०,७८१ वर आणि निफ्टी २७४ अंकांनी वाढून १४,९८२ वर बंद झाला. ज्यांना आधीच बाहेर ढकललं गेलं, त्यांनी ही तेजी पडद्यावर नुसती पाहिली.

त्यानंतर

मार्च २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने घड्याळ लावून दिलं: बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढे ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावर कामकाज सुरू करायचं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने सुमारे ७२ कोटी रुपये भरून सेबीकडचं हे प्रकरण मिटवलं.

माझ्या मते त्या रकमेपेक्षा ते घड्याळ मोलाचं आहे. दुसरी लाइन, दुसरं केंद्र, दुसरी कंपनी हे सगळं एनएसईकडे होतं. नव्हता तो एक नियम: किती मिनिटं वाट पाहायची आणि मग कुणी, कुणाला न विचारता, दुसरा रस्ता धरायचा. तार ना तुटलेली ना जोडलेली अशी डळमळत राहिली तर यंत्रणा काय करील, याची खरी परीक्षा त्या बुधवारी भर बाजारात झाली.

जळगाव आणि धुळ्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेच्या आणि पतपेढीच्या संचालकांनी आपल्या संगणक विभागाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या दोन लाइन्स वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात का, हे कुणी प्रत्यक्ष चालून पाहिलं आहे का? मुख्य लाइन शेवटची मुद्दाम कधी काढून पाहिली, आणि नुसती तोडूनच नव्हे तर डळमळवूनही? आणि पर्यायी व्यवस्थेकडे जाण्याचा आदेश देणाऱ्या माणसाचं नाव काय? ही उत्तरं आमसभेत सभासदांसमोर वाचली गेली पाहिजेत. ठेवीदाराचा पैसा ताळेबंदात जितका असतो, तितकाच तो आता रस्त्याखालच्या त्या तारेतही असतो.