ग्वानोपासून क्रिएटिनपर्यंत

व्यायामशाळांत हातोहात खपणाऱ्या पांढऱ्या भुकटीच्या डब्यावरचा ‘क्रिएटिन’ हा शब्द ग्रीक ‘क्रेआस’वरून आला. क्रेआस म्हणजे मांस. १८३२ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांना हा पदार्थ मांसाच्या अर्कात सापडला, म्हणून हे नाव.

मला जास्त ओढ आहे ती त्याच्या आधीच्या पायरीची. शरीर क्रिएटिन घडवतं ते ग्वानिडिनोॲसेटिक आम्लापासून, आणि त्यातलं ‘ग्वानिडिन’ आपल्याला थेट पेरूच्या किनाऱ्यावर नेतं. तिथल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थरावर थर साचलेले. केचुआ भाषेत तिला ‘वानू’ म्हणत, म्हणजे शेताला घालायचं खत. स्पॅनिशांनी त्याचं ‘ग्वानो’ केलं, ग्वानोतून ग्वानिन निघालं आणि १८६१ मध्ये आडोल्फ श्ट्रेकर यांनी ग्वानिनपासून ग्वानिडिन मिळवलं. खताच्या ढिगातून निघालेला शब्द स्नायूंच्या ताकदीपर्यंत पोचावा, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं!

ग्वानिडिनोॲसेटिक आम्ल मुख्यतः मूत्रपिंडात आर्जिनिन आणि ग्लायसिनपासून बनतं. यकृतात त्याला मिथिल गट जोडला की क्रिएटिन तयार. मका आणि सोयापेंडीत क्रिएटिन नसतं, म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात हे आम्ल मिसळतात. माणसाने ते घेतलं, तर मिथिल गट खर्ची पडून रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं. मिथिल गटांची ती तूट भरायला सोबत बीटेन देता येतं. बीटेन पहिल्यांदा मिळालं ते साखरबीटच्या रसात, आणि नावही त्या बीटवरूनच पडलं.