शाळेवर दुःखाचा डोंगर कोसळला तर मुलांना कसं सावरायचं? शिक्षक, पालक अन् गावानं काय करावं, वाचा सविस्तर

बीड : रस्त्यावरचा अपघात, विहिरीत किंवा तलावात बुडणं, अंगावर वीज पडणं, एखाद्या विद्यार्थ्याची किंवा पालकाची आत्महत्या. अशी घटना घडली की दोन-चार दिवस सगळं गाव शाळेत जमतं. पुढारी येतात, श्रद्धांजली होते, फोटो निघतात. नंतर गर्दी पांगते. पण वर्गातला रिकामा बाक तिथंच असतो आणि शेजारी बसणारं लेकरू रोज तो बघत असतं. खरी मदत लागते ती त्यानंतरच.

किल्लारीनं काय शिकवलं?

आपल्या शेजारच्या लातूर-धाराशिव भागाला हे दुःख ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपानं हादरला. जवळपास दहा हजार माणसं गेली. कितीतरी लेकरं उघडी पडली. त्या वेळी मूळचे बीड जिल्ह्यातले शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे वाघोलीत त्यांच्यासाठी निवासी शैक्षणिक संकुल उभं राहिलं.

प्रत्येक गावाला एवढं जमणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी कुठल्याही शाळेला जमतात. एक, मुलांचं शिक्षण तुटू द्यायचं नाही. दुसरी, एकच दुःख भोगलेली मुलं एकमेकांच्या सोबत ठेवायची.

पहिल्या आठवड्यात काय करावं?

– बातमी मुलांना वर्गातच, रोजच्या शिक्षकांनी सांगावी. थोडक्यात, सोप्या शब्दांत आणि खरी. 'तो झोपलाय', 'गावाला गेलाय' असं सांगू नका. लहान लेकरू मग झोपायलाच भितं, नाहीतर वाट बघत बसतं.

– शाळा जास्त दिवस बंद ठेवू नका. परिपाठ, खिचडी, खेळाचा तास हे रोजचं सुरू झालं की मुलांना आधार वाटतो. अभ्यासाचा ताण मात्र काही दिवस कमी ठेवा.

– बोलायची सक्ती नको. 'काय काय बघितलंस सांग' म्हणून खोदून विचारल्यानं त्रास वाढू शकतो. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका. ज्याला चित्र काढायचंय त्याला कागद द्या.

– बाक लगेच हलवू नका. काय करायचं ते वर्गातल्या मुलांना विचारून ठरवा.

– अंत्यविधीला किंवा दहाव्याला जायचं का, हे मुलालाच विचारा. गेलं तर मोठं माणूस सोबत हवं.

कोणत्या वयात काय दिसतं?

पहिली-दुसरीच्या मुलांना मेलेलं माणूस परत येत नाही हे पुरतं कळलेलं नसतं. ती अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत. 'मी भांडलो म्हणून तो गेला' असंही काहींना वाटतं. 'यात तुझी काही चूक नाही' हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मोठी मुलं गप्प होतात, चिडतात, शाळा बुडवतात. काही जण तंबाखू-गुटख्याकडे वळतात. 'पोरगं वाया गेलं' म्हणण्याआधी त्याच्या मनात काय चाललंय ते बघा.

महिना उलटला तरी झोप-जेवण बिघडलेलंच असेल तर डॉक्टरांना दाखवा. 'मलाबी जगायचं नाही' असं मूल बोललं तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका.

मोबाइलवर हे टाळा

घटनेचे फोटो, व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. तेच व्हिडिओ गेलेल्या मुलाचं भावंडं बघतं. आत्महत्या असेल तर ती कशी केली, चिठ्ठीत काय होतं, याची चर्चा मुलांसमोर नकोच. त्यातून दुसऱ्या मुलाच्या मनात तेच येऊ शकतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता उघड करणं पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे.

ऊसतोडीला जाताना लेकराचं काय?

आपल्या जिल्ह्यातला हा मोठा प्रश्न. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या कारखान्याला निघतात. पावसाळ्यात भाऊ गेलेलं मूल आई-बापासोबत फडावर गेलं, की ना शाळा राहते ना कुणाचं लक्ष. मागं ठेवलं तर आई-बाप दूर. यावर सरसकट एकच उत्तर नाही. मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर मुख्याध्यापकांनी एका शिक्षकाकडे त्याची जबाबदारी द्यावी आणि ठरलेल्या वेळी पालकांशी फोनवर बोलणं करून द्यावं. सोबत जाणार असेल तर कारखान्याजवळच्या शाळेला त्याची माहिती कळवावी. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात. हा विषय टोळ्या निघायच्या आधीच्या बैठकीत घ्यावा.

शिक्षकांनाही सावरू द्या

वर्गातलं मूल गेलं तर बाई-सरांनाही धक्का बसतो. चौकशी पूर्ण व्हायच्या आत शिक्षकांवर नाहीतर आई-बापावर दोष टाकू नका. वर्षश्राद्ध, निकाल, निरोप समारंभ या दिवशी दुःख पुन्हा वर येतं. ते दिवस शाळेनं आधीच ध्यानात ठेवावेत.

मदत कुठं मिळेल?

– टेलिमानस : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं.

– चाइल्ड हेल्पलाइन : १०९८. तातडीची मदत : ११२.

– उपचार : बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

– बालसंगोपन : आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

– अपघात : विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत पालकांना दीड लाख रुपये. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. कागदपत्रांसाठी मुख्याध्यापकांना भेटा.

हे नंबर शाळेच्या सूचना फलकावर आजच लिहून ठेवा. वेळ आल्यावर शोधाशोध करायला कुणाचंच मन थाऱ्यावर नसतं.