पायी चालण्याच्या अंतरावरील घर : एडिंबरो ते इंदूर

नगरांचा इतिहास लिहिताना राजवटी, लढाया, तह आणि वास्तू यांची नोंद साक्षेपाने केली जाते. सामान्य माणसाने घर कोठे घेतले, का घेतले आणि घरापासून शाळा, मंडई, दवाखाना व वाचनालय किती पावलांवर होते, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. वास्तविक नगर टिकते की विस्कटते, हे पुष्कळदा याच प्रश्नांच्या उत्तरावर ठरत असते. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी विषय निवडताना हा प्रश्न मनात होता. आपले अनेक माजी विद्यार्थी आज घर घेण्याच्या वयाचे आहेत, तर अनेक पालक जुने घर विकावे की ठेवावे या विचारात आहेत. त्यांच्यापुढे एका गृहस्थाची हकिकत ठेवावीशी वाटते. तो जन्माने स्कॉटिश होता. परंतु होळकरांच्या या नगरीशीही त्याचा निकटचा संबंध आला होता.

पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हा मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचे कार्यक्षेत्र एडिंबरो हे शहर दोन भागांत विभागलेले आहे. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या डोंगरधारेवर जुने शहर वसले होते. जागा अपुरी असल्यामुळे तेथील घरे रुंदीऐवजी उंचीत वाढली. काही इमारती तर दहा मजल्यांहून उंच होत्या. एकाच जिन्यावर वेगवेगळ्या मजल्यांवर सरदार, वकील, व्यापारी, कारागीर आणि मोलकरीण राहत असत. आपल्याकडील वाड्यात मालक, बिऱ्हाडकरू आणि आश्रित एकाच चौकात वावरत, तसाच काहीसा हा प्रकार होता.

१७६७ मध्ये जेम्स क्रेग या तरुण स्थापत्यविशारदाचा नव्या शहराचा आराखडा मान्य झाला. दरीपलीकडे सरळ, रुंद रस्ते आणि प्रशस्त घरे उभी राहिली. ऐपतदार कुटुंबे हळूहळू तिकडे गेली आणि जुन्या शहरात मागे राहिली ती गरिबी. एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहू लागले. दुरुस्तीचा खर्च करणारा कोणी उरला नाही. १८६१ मध्ये हाय स्ट्रीटवरील एक जीर्ण इमारत मध्यरात्री कोसळून ३५ माणसे दगावली. त्यानंतर १८६७ मध्ये नगरसुधारणेचा कायदा झाला आणि दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्यात आले. मात्र घरे पाडली म्हणून माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील गर्दी वाढवतात, हे गेडिसच्या ध्यानात आले.

१८८६ मध्ये त्याचा अ‍ॅना मॉर्टन हिच्याशी विवाह झाला. त्यानंतर लवकरच हे दांपत्य नव्या शहरातील सुखवस्तू घर सोडून जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या चौकात राहावयास गेले. याच चौकात एके काळी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम राहत असे आणि याच चौकात बॉस्वेलने डॉ. जॉन्सनचे आतिथ्य केले होते. गेडिसच्या काळी मात्र ती गलिच्छ वस्ती झाली होती. नवराबायकोने प्रथम स्वतःचे बिऱ्हाड झाडूनपुसून राहण्याजोगे केले. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून जिने धुतले, भिंतींना चुना दिला आणि खिडक्यांत फुलझाडे लावली. पडीक इमारती मिळवून त्यांची डागडुजी सुरू झाली. १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः चालवावयाचे वसतिगृह उघडले गेले. पुढे किल्ल्यालगत रॅम्से गार्डन ही वसाहत उभी राहिली. कवी अ‍ॅलन रॅम्से याचे जुने घर न पाडता तीत सामावून घेण्यात आले होते. सोडून गेलेल्या सुशिक्षित वर्गाने जुन्या शहरात पुन्हा घर करावे, हा त्यामागील हेतू होता. स्वतः गेडिसही तेथेच राहिला. या उद्योगात तो कर्जबाजारी झाला. अखेर १८९६ मध्ये त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी मित्रांनी एक मंडळी स्थापन केली.

येथे घराच्या मालकीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. इमारतीतील एक मजला किंवा एक सदनिका स्वतंत्रपणे विकत घेण्याची रीत स्कॉटलंडमध्ये काही शतकांची आहे. जुन्या रूढ कायद्यानुसार छप्पर हे सर्वांत वरच्या मजल्याच्या मालकाचे समजले जाई आणि खरेदीखतात वेगळी तरतूद नसल्यास त्याच्या दुरुस्तीचा भारही त्याच्यावरच पडे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला पावसाची झळ पोहोचेपर्यंत छपराची आठवण होत नसे. २००४ च्या कायद्याने छप्पर, पाया आणि भारवाहक भिंती यांची देखभाल ही सर्व मालकांची सामाईक जबाबदारी ठरवली व बहुमताने निर्णय घेण्याची सोय केली. आपल्याकडे महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीसंबंधीचे कायदे १९६३ व १९७० मध्ये झाले, तर मध्य प्रदेशात सध्याचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम २००० मधील आहे. या सर्व कायद्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. घर घेणारा चार भिंती विकत घेतो, तेव्हा जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि शेजार यांचाही तो भागीदार होतो. खरेदीखतावर सही करताना या भागीदारीचे भान राहिले नाही, तर इमारत पंचवीस वर्षांत जुनी दिसू लागते. ते भान राहिले, तर ती शंभर वर्षेही नांदते.

१९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात आला. नगररचनेविषयीचे त्याचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवले. मित्रांनी धडपड करून नवी सामग्री जमवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतर त्याने तंजावर, बडोदे, लखनौ, लाहोर, नागपूर इत्यादी नगरांची पाहणी केली. यांतील कित्येक नावे मराठी वाचकाला आपलीच वाटतील. त्याची पद्धत एकच होती. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तो गल्लीगल्लीतून पायी हिंडत असे. पार कोठे आहे, विहीर कोठे आहे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात आणि मुले कोठे खेळतात, हे तो पाहून ठेवी. रुंद रस्त्यासाठी ओळीने घरे पाडण्यास त्याचा विरोध होता. एखादे पडके घर काढून तेथे लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, गटार दुरुस्त करावे आणि बाकीची वस्ती जागच्या जागी राहू द्यावी, असा त्याचा आग्रह असे. शल्यवैद्य जसा रोगट भाग तेवढाच काढतो, तसे हे काम व्हावे, असे त्याचे म्हणणे होते.

१९१७ हे वर्ष त्याच्यासाठी दारुण ठरले. एप्रिलमध्ये फ्रान्समधील आघाडीवर त्याचा थोरला मुलगा अलास्डेर मारला गेला. अ‍ॅना त्या वेळी तापाने अंथरुणाला खिळली होती, म्हणून ही वार्ता तिला सांगण्यात आली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात तिचेही निधन झाले. जिच्या सोबतीने जेम्स कोर्टचे जिने धुतले ती सहचरी गमावलेला हा मनुष्य त्यानंतर तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या इंदुरात काम करीत होता. नगरीत प्लेगची भीती होती. लोकही त्याच्याकडे संशयाने पाहत, कारण पाहणी करणारा साहेब म्हणजे घर पाडणारा, असाच समज होता. गेडिसने दिवाळीच्या मिरवणुकीची योजना आखली आणि जाहीर केले की, ज्या मार्गावरील अधिकांत अधिक घरे स्वच्छ व दुरुस्त झालेली असतील, त्याच मार्गाने मिरवणूक जाईल. घराघरांतून केरकचरा निघाला, भिंती रंगल्या. मिरवणुकीत रोगराईचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. रंगवलेल्या कचरागाड्यांबरोबर स्वच्छ पोशाखातील सफाई कामगार सन्मानाने चालत होते. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. राक्षसाचे आणि उंदराचे शेवटी दहन झाले. इंदूरविषयीचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेचा राष्ट्रीय सन्मान मिळवणाऱ्या आपल्या नगरीने या पूर्वकथेची आठवण ठेवावयास हवी. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची धुरा त्याच्याकडे आली. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याच विभागातील त्याचे विद्यार्थी.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एडिंबरोची जुनी व नवी दोन्ही शहरे १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. पायी हिंडता येणारी ही वस्ती आज जगाला हवीहवीशी वाटते आणि म्हणूनच तेथे राहणे सामान्य कुटुंबाला परवडेनासे झाले आहे. अनेक सदनिका प्रवाशांना चार-दोन रात्रींसाठी भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये अल्पकालीन भाड्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी संपूर्ण शहर नियंत्रणक्षेत्र म्हणून घोषित करावे लागले. आधी जुनी वस्ती ओस पडली ती दुर्लक्षामुळे. आता तिला भीती आहे ती लोकप्रियतेची. दोन्ही वेळा हरवतो तो कायमचा रहिवासी.

आपल्या शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतील पत्त्यांचा रकाना हे या दृष्टीने मोठे बोलके साधन आहे. आरंभीच्या वर्षांतील पत्ते रामबाग, नारायणबाग आणि राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या यांचे आहेत. मुले पायी येत. वाटेवरचा दुकानदार त्यांना नावाने ओळखत असे आणि कोणाचे मूल शाळा बुडवून हिंडत आहे, ही बातमी मुलाच्या आधी घरी पोहोचत असे. अलीकडच्या पानांवर बायपासनजीकच्या वसाहतींची नावे वाढत गेली आहेत. कित्येक मुले तासभर व्हॅनमध्ये बसून येतात. काही कुटुंबे अंतराच्या कारणास्तव घराजवळची इंग्रजी शाळा पत्करतात. त्यांना दोष देता येत नाही. दूरचे घर स्वस्त मिळते, मोकळी हवा मिळते, गाडी उभी करावयास जागा मिळते. जुन्या वस्तीत पाणी, वाहने आणि वाटण्यांचे वाद आहेत. रस्तारुंदीत काही घरांचे दर्शनी भागही गेले आहेत. तरीही बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेला केवळ पाठ्यपुस्तकांचा आधार पुरत नाही. शाळा सुटल्यावर त्याच भाषेत भांडणारी, खेळणारी आणि हाका मारणारी गल्ली तिला लागते. ती गल्ली विखुरली, तर भाषा केवळ तासापुरती उरते.

म्हणून घर घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सुचवावेसे वाटते. चौरस फुटांचा आणि हप्त्यांचा हिशेब करताना आणखी एक हिशेब मांडावा. आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने शाळेत जाता येईल काय? सत्तरीतील आजीला कोणाची वाट न पाहता भाजी आणि पुस्तक आणता येईल काय? छपराच्या खर्चात वाटा उचलतील असे शेजारी आहेत काय? ज्यांची वडिलोपार्जित घरे जुन्या वस्तीत आहेत, त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा गल्लीतून पायी फिरून यावे. सगळीच घरे राखता येणार नाहीत. पण जी राखण्याजोगी आहेत, त्यांच्यासाठी थोडा चुना, थोडी डागडुजी आणि शेजाऱ्यांची एक बैठक यांनी आरंभ करता येतो. जेम्स कोर्टातही आरंभ तेवढ्यानेच झाला होता.