टायरवरचा दोनशेचा आकडा

मी अ‍ॅक्रनला राहतो. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या तिन्ही कंपन्या ओहायोतल्या याच गावात वाढल्या, आणि माझंही पोट रबराच्या मिश्रणांवरच चालतं. उन्हाळ्यात रविवारी आम्ही मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू (कोन) मांडून ऑटोक्रॉस खेळतो, म्हणजे एकेक गाडी त्यांच्यामधून वेळ लावून पळवतो. नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "दोनशेचे कोणते टायर घेऊ?" स्पर्धेशी या आकड्याचा मुळात काहीही संबंध नव्हता, हे मला त्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

अमेरिकी काँग्रेसने 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा केला. टायर घेताना सामान्य गिऱ्हाइकाला प्रत कळावी, म्हणून सगळ्या कंपन्यांना एकसारखी प्रतवारी लावा, असं त्यात कलम होतं. मुदत दोन वर्षांची होती, पण वादावादीत आणि कोर्टकचेऱ्यांत ती लागू व्हायला 1979 उजाडलं. पुढे 1983 मध्ये सरकारनेच त्यातली झिजेची प्रतवारी, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणारा हाच आकडा, थांबवली. ग्राहकांची बाजू घेणारी पब्लिक सिटिझन ही संस्था कोर्टात गेली आणि 1984 मध्ये अपील न्यायालयाने ती स्थगिती रद्द केली. आज मोटारींच्या बहुतेक टायरांच्या बाजूवर हा आकडा दिसतो तो त्या लढ्यामुळे. मला त्या संस्थेबद्दल फार आदर आहे.

या आकड्यासाठी चाचणी होते टेक्सासमध्ये, सॅन अँजेलोच्या आसपासच्या सार्वजनिक रस्त्यांवर. 400 मैलांचा एक फेरा, असे एकूण 7,200 मैल. गाड्यांचा छोटा ताफा एकत्र निघतो, त्यात एका गाडीला तुलनेचे टायर असतात, आणि ठरावीक अंतरावर खाचांची खोली मोजतात. तुलनेची पातळी 100 धरलेली. तिच्या दुप्पट टिकेल तो 200. आकडा मात्र कंपनी स्वतःच ठरवून छापते. फुगवून लिहिला तर कायदा आडवा येतो, कमी लिहिला तर कुणी विचारत नाही.

आता ऑटोक्रॉस. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, या संघटनेच्या स्टॉक वर्गात वर्षानुवर्षं नावापुरत्या खाचांचे, पण रस्त्यावर चालवायची मुभा असलेले टायर चालत. इंडियानाच्या हूझियरचं त्यात मोठं नाव. ते महाग, झटपट संपणारे; लोक स्पर्धेच्या जागी जाऊन चाकं बदलायचे. 2014 मध्ये स्टॉकच्या जागी स्ट्रीट वर्ग आला, आणि खर्च आवरायला झिजेच्या आकड्याची किमान मर्यादा घातली, आधी 140, मग 200. गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी छापलेला आकडा असा खेळाचा नियम झाला.

नियम आला की टायरवाले त्याच्या काठावर येऊन उभे राहतात. ब्रिजस्टोनचा आरई-71आर 2015 मध्ये आला तोच 200 लिहून, आणि त्याची पकड पाहून जुने खेळाडूही थक्क झाले. यात लबाडी शोधायची गरज नाही. महामार्गावर सरळ, शांतपणे धावणारा टायर फारसा तापत नाही. कोनांमधून तीच गाडी आडवी ढकलली की रबर घसरतं, फाटतं, तापतं. टेक्सासच्या रस्त्याने या दुसऱ्या झिजेबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं. म्हणून दोन टायरांवर सारखाच 200 असून एक हंगामभर टिकतो, दुसरा अर्ध्यात संपतो.

तेव्हा 200 हा आकडा फक्त वर्गात प्रवेश मिळतो का, एवढ्यापुरता पाहा. ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची असते; तिथे थंड असतानाच चिकटणारं मऊ रबर घ्या. गाडी दोघं चालवणार असाल तर मात्र ते तापतं, मग फेऱ्यांच्या मधे टायरवर पाणी फवारावं लागतं. ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायच्या दिवशी, सलग वीसेक मिनिटं पळायचं असतं. तिथे तेच मऊ टायर निसरडे होतात आणि त्यांच्या कडा झिजून जातात. उष्णता सोसणारे, थोडे कडक टायर घ्या, आणि गाडी आत आली की गरम असतानाच हवा मोजा.