कवळी : हातची आणि यंत्राची



इतिहास म्हटला कीं आपणांस गड, तह आणि तलवारी आठवतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें, ती रात्रीं पेल्यांत बुडवून ठेवावयाची असते. ती म्हणजे कवळी. माझ्या तोंडांत ती नऊ वर्षें नांदत आहे. तेव्हां ह्या विषयावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे, असें समजावें.

जपानांत वाकायामा येथील नाकाओका तेई ही बौद्ध भिक्षुणी सन १५३८ मध्यें वारली. तिची कवळी अखंड लांकडांतून कोरलेली होती. युरोपांतील कारागीर हेंच काम हस्तिदंतावर आणि पाणघोड्याच्या दांतांवर करीत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांची कवळी लांकडी होती म्हणतात, ती मात्र निव्वळ दंतकथा! सन १७८९ मध्यें पदाची शपथ घेतांना त्यांचा स्वतःचा एकच दांत उरला होता. जॉन ग्रीनवुड ह्या दंतवैद्यानें पाणघोड्याच्या दांतापासून त्यांची कवळी घडविली आणि तेवढ्या एका दांतासाठीं तींत भोंक ठेविलें. अशी कवळी लाळेनें कुजे, दुर्गंधि सुटे आणि हिरडीवर नीट बसतही नसे.

पुढें कोरणें मागें पडून ओतण्याचें युग आलें. सन १८५१ मध्यें नेल्सन गुडइयर ह्यांनीं टणक रबराचें पेटंट घेतलें. तोंडाच्या ठशावरून प्लास्टरचा साचा करून त्यांत हें रबर दाबतां येऊं लागलें आणि मध्यमवर्गासही कवळी परवडूं लागली. परंतु एका कंपनीनें दंतवैद्यांकडून परवान्याची फी उकळण्यास आरंभ केला, फिर्यादी लावल्या, आणि सन १८७९ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें चॅल्फंट नामक दंतवैद्यानें त्या कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन ह्यांस गोळी घालून ठार केलें. कवळीपायीं खून! दोन वर्षांनीं पेटंटची मुदतच संपली.

सन १९३७ च्या सुमारास रबराच्या जागीं हिरडीच्या रंगाचें अ‍ॅक्रिलिक आलें. नेहमींची कवळी आजही त्याचीच होते. ठसा, जबड्यांचा मेळ, मेणांत दांत लावून पाहणें, असे चार-पांच हेलपाटे होतात. मग मेण वितळवून त्या पोकळींत अ‍ॅक्रिलिकची भुकटी व द्रव ह्यांचा कणकेसारखा गोळा दाबून गरम पाण्यांत शिजवितात. शिजतांना हा पदार्थ शेंकडा ६ ते ७ आकसतो. त्यामुळें टाळूच्या मागील कडेशीं कवळी किंचित् उचलली जाते. माझ्या पहिल्या कवळीचें हेंच झालें. चाळीस वर्षें मुलांस ‘श’ आणि ‘ष’ ह्यांतील भेद शिकविणारा मी, माझ्याच तोंडून दोन्ही अक्षरें शिटी होऊन बाहेर पडूं लागलीं. घरच्या समारंभांतही मी गप्प बसूं लागलों. पुढें ती कवळी आगगाडींत राहिली. साचा दंतवैद्यानें केव्हांच टाकून दिला होता; सर्व पुनः पहिल्यापासून.

दुसरी कवळी संगणकावर झाली. सन १९९४ मध्यें जपानांत माएदा व त्यांचे सहकारी ह्यांनीं संगणकाच्या साहाय्यानें थरावर थर रचून कवळी करण्याची रीत प्रसिद्ध केली होती. माझी मात्र दुसऱ्या रीतीची: कारखान्यांत दाबाखालीं आधींच घट्ट केलेली अ‍ॅक्रिलिकची वडी घेऊन यंत्रानें ती कोरली. आकसणें अगोदरच होऊन गेल्यामुळें नंतर ती आकसत नाहीं. म्हणजे पहा, त्या भिक्षुणीप्रमाणें आपण पुनः अखंड तुकडा कोरण्याकडेच आलों! हेलपाटे तीन झाले, आणि आकृति संगणकांत असल्यामुळें कवळी हरवली तरी दुसरी काढतां येते.

खर्च अधिक पडला, हें सांगितलेंच पाहिजे. शिवाय घाईंत मेणांतील दांत तोंडांत लावून पाहण्याची पायरी गाळली, तर ते चेहऱ्यास शोभतात कीं नाहीं हें नंतरच कळतें. तेथें जुन्या कारागिराचा डोळाच बरा. जबड्यांचा मेळही दंतवैद्यासच घ्यावा लागतो. तो चुकला तर यंत्र ती चूकही बिनचूक कोरतें.

माझी वरची कवळी आतां टाळूस घट्ट धरून आहे आणि ‘शेष’ हा शब्द मी निर्धास्त उच्चारतों. खालची अद्याप हलते, कारण तेथील हाड वर्षानुवर्षें झिजलें आहे. भाकरी मी दुधांत कुस्करूनच खातों.