साहाय्याचा धोंडा

गिरगाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाड्या येतात, चाळी येतात, गणेशोत्सव येतो. त्याच गिरगावात मराठीतून ख्रिस्ताची उपासना करणारी एक जुनी मंडळी आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. आंब्रोली चर्च ते हेच. त्याची वास्तू १८६९ सालची. पण मंडळी तिच्याहून वयाने वडील. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात, घरची मंडळी म्हणावे तसे!

डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, कोकणात राहून मराठी शिकले, आणि १८३१ साली त्यांनी या मंडळीचा पाया घातला. तेव्हा सभासद किती? हाताच्या बोटांवर मोजावे इतके. अशा मूठभर माणसांनी ‘देवाने आम्हांला साहाय्य केले’ म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

बायबलात शमुवेलाची गोष्ट आहे. पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर त्याने एक धोंडा उभा केला व त्याला ‘एबन-एजर’, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले. ही गोष्ट पुष्कळ प्रवचनांत येते. पण एक बाब सहसा सांगितली जात नाही. याच नावाच्या ठिकाणी तळ देऊन इस्राएल लोक पूर्वी सपशेल हरले होते, आणि कराराचा पवित्र कोशही शत्रूच्या हाती गेला होता. म्हणजे साहाय्याच्या नावात पराभवाचीही आठवण आहे.

आमच्या गिरगावच्या मंडळीचे तसेच झाले. १८३५ साली विल्सनसाहेबांच्या पत्नी मार्गारेट वारल्या. मुंबईत मुलींच्या शाळा सुरू करण्यात त्यांचा मोठा हात होता. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तोच शहरात गहजब उडाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. तरुणांनी आपला निर्णय आपणच घ्यावा, असे ठरले. पण आईबापांनी धास्तीने मुले काढून घेतली आणि विल्सनसाहेबांची शाळा ओस पडल्यासारखी झाली. पुढे १८४३ साली स्कॉटलंडमधले चर्च दुभंगले. येथील मिशनरी नव्या ‘फ्री चर्च’बरोबर गेले, आणि नवी बांधत आलेली शाळेची इमारत त्यांना सोडून द्यावी लागली.

त्या दिवसांत कोणी ‘साहाय्य कुठे आहे?’ असे विचारले असते, तर उत्तर काय दिले असते? दाखवायला काहीच नव्हते हो! साहाय्य दिसले ते मागे वळून पाहिल्यावर. इमारत गेली, पण शिकवणारे व शिकणारे राहिले. १८५५ साली शाळेला नवे घर मिळाले. त्याच परंपरेतले विल्सन कॉलेज १८८९ साली चौपाटीवर आपल्या वास्तूत आले. ज्यांच्यापायी शाळा ओस पडली, त्यांपैकी धनजीभाई पुढे धर्मोपदेशक होऊन १९०८ पर्यंत जगले. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला. त्यांनी पुढे जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची वस्ती वसवली.

पण वाचकहो, इथे थांबलो तर हिशेब अर्धाच राहील. नारायणरावांचा एक धाकटा भाऊ होता, श्रीपती. तोही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा अजाण ठरला व वडिलांच्या हवाली झाला. पण घरी आला तरी जातीत घेईनात, कारण मिशनऱ्यांकडचे अन्न पोटात गेलेले! ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या म्हणाले, आणि त्यांनी कर्मठांचा रोष ओढवून घेतला.

आता सांगा, मंडळीने नारायणरावांसाठी देवाचे आभार मानले, त्या दिवशी शेषाद्रींच्या घरात काय चालले असेल? एक मुलगा कायमचा दुरावला, दुसऱ्याला पंक्तीत पाट नाही. मंडळीची उपकारस्तुती खोटी नव्हती, आणि त्या आईबापांचे अश्रूही खोटे नव्हते.

म्हणून मला वाटते, देवाचे साहाय्य ओळखणे म्हणजे आपल्या विजयांची यादी करणे नव्हे. ज्या जागी आपण हरलो तिथेही धोंडा उभा करावा; आणि शेजारच्या घरात आपल्यामुळे रडे झाले असेल, तर तेही प्रार्थनेत विसरू नये. बाळशास्त्री ख्रिस्ती झाले नाहीत. पण एका पोरक्या झालेल्या पोरासाठी त्यांनी लोकांचे बोल सोसले. देवाचे साहाय्य कोणत्या हातांनी येते, याचा शोध घेताना आंब्रोलीच्या मंडळीने ते हातही मोजावेत. तिचे उपकारस्मरण त्याने उणे होणार नाही, खरेच होईल.